पाळीची गाडी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

सणाच्या दिवशी भांडायचं न्हाई असं ठरवून उठलो, आणि आंघोळीच्या आत भांडाण झालं. राणी म्हणाली, "माझ्याफुडं कटकट करू नका, माझ्या पोटात लेकरू हाय. काय ते लिहून काढा." खतवाल्यानं दिलेली डायरी कोरीच पडली हुती. म्हणून लिहितोय. पहिल्यापासनं लिहितो, म्हंजे चूक कुणाची ते कागदावर तरी ऱ्हाईल.

आबा गेल्या साली गेलं आणि आमा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. रानाचा बांध पडला. विहीर एकच, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या. ऱ्हायली आबांनी घेतलेली पांढरी व्हॅन. आबा तिला पांढरीच म्हणायचं, घोडीला हाक मारावी तसं. इकायची म्हणलं तर आई जेवंना. मग पंचांनी पाण्यासारखीच गाडीची पाळी लावून दिली. सोमवार, मंगळवार, बुधवार दादाचं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार माझं. रविवारी पांढरी उभी. आणि आईचीबी पाळी, एक महिना दादाकडं, एक महिना माझ्याकडं. मधी नुसती एक भिंत. गाडीची किल्ली मातर आईच्या कनवटीला. सकाळी ज्याची पाळी त्याला काढून देती, सांजंला परत खोचून घेती.

तर आज गुरुवार. पांढरी मी धुतली, टायरं घासली, सरकत्या दाराच्या पट्टीतलं शेण काडीनं उकरून काढलं. आणि दादासो आयता हार घेऊन आला. वर म्हणतोय, "मागल्या सीटवर किती लेंड्या रं? शेरडांचा वास बसलाय. आईला कुठं न्यायचं म्हणलं तर बसवायचं कुठं?"

माझं डोकं फिरलं. शेरडं इकून मी पोट भरतो, डाळिंबाची बाग त्याच्या वाट्याला गेली. मी पान्हा घेतला, मागची सीट खोलली आणि नेऊन माझ्या पडवीत टाकली. म्हणलं, "घे. सीटच न्हाई, आता वास कशाचा येतोय?"

आई जोत्यावर बसली हुती. उठली आणि दोन्ही हार तिनंच घातले, एकावर एक.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दादाच्या पाळीनंतर गाडी हातात आली की मी आधी तिच्याभोवती फिरून बघतो. आज काय सापडलं ते लिहितो.

एक, मागच्या दोन्ही टायरांत हवा कमी. हे काय पहिल्यांदा न्हाई. गेल्या गुरुवारीबी तसंच. पंक्चर म्हणावं तर दोन्ही सारखीच बसलेली. ह्याला हवा भरायचासुद्धा कंटाळा! मी आटपाडीला जाऊन टणक भरून घेतली. दोन, मागं आईचं घोंगडं अंथरलेलं आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल सुतळीनं खिडकीच्या दांडीला बांधलेलं. तीन, सरकत्या दाराला ग्रीस. पोरानं ढकललं तरी उघडंल असं केलंय. चार, गाडी पळालीया किती! आटपाडीला चार येळा जाऊन आला तरी एवढी पळायची न्हाई.

म्हंजे दादा वडाप मारतोय. चोरून माणसं भरतोय, सीट न्हाई तर घोंगड्यावर न् स्टुलावर बसवतोय. आणि दिवसभर माझ्याफुडं साधू.

काल सांजंला सीट मागाय आला हुता. "मंगळवारापुरती दे" म्हणाला. मी म्हणलं, कव्हर कुणी शिवून आणलं? तो तसाच माघारी गेला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

राणीला म्हायेरी दहिवडीला सोडलं. ह्या आधी दोनदा पोटातलं गेलंय, त्यामुळं डाक्टरनं सांगितलंय, धक्का न्हाई, काळजी न्हाई, नुसतं पडून ऱ्हायचं. तिच्यासाठी सीट लावली. वर गोधडी, गोधडीवर उशी. म्हसवडपर्यंत बैलगाडीच्या चालीनं गेलो, मागनं मोटरसायकलवाले शिव्या देत हुते.

निघताना आईनं राणीची ओटी भरली. लांबनंच भरली, जवळ घेतलं न्हाई. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणलं, सध्या दादाकडचा महिना चालू हाय, तिकडचं वारं लागलंय.

परत आल्यावर सीट काढली. राणी फोनवर म्हणाली, "असू द्या की, काय खाती व्हय ती?" खात न्हाई, पर दादा त्याच्यावर वडापाची गिऱ्हाइकं बसवंल. मी मरंपर्यंत बसवू देणार न्हाई.

१ नोव्हेंबर, शनिवार

आई माझ्याकडं आली. काखंत गठुडं, दोन लुगडी, चंची, एक डबा. भिंत वलांडून यायला एवढा येळ लागला की मी दारात उभा राहून कटाळलो. वहिनी तिच्या दंडाला धरून आली. मी म्हणलं, "सोडा की वहिनी, चालाय येतं तिला." वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी तिचं घोडं मारलंय.

बाजारला चार बोकडं गेली. ब्रेक जरा खोल जातोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईचं काय चाललंय कळंना. मी सोता भाकरी थापतो, येत न्हाई तरी थापतो. कालवणात तिला आवडती म्हणून हुलग्याची शेंगुळी केली. दोन घास खाल्लं आणि ताट सारलं. "तोंडाला चव न्हाई रं." दादाच्या घरात बरी चव लागती!

दिवसभर बसती आणि येणाऱ्या लेकराला जुन्या लुगड्याची कुंची शिवती. सुईत दोरा जात न्हाई, मला हाका मारती. पदर एवढा गच्च आवळून घेती की कपाळसुद्धा दिसत न्हाई. मी म्हणलं, "घरात हायस, जरा मोकळी बस की." तर म्हणाली, "गार लागतंय."

उद्या मंगळवार. दादाबरुबर आरेवाडीला बिरोबाला जाणार हाय म्हणं. गेल्या महिन्यातबी गेलती म्हणं. मी म्हणलं, शनिवारी मी नेतो. तर म्हणाली, "न्हाई, थोरल्याचा नवस हाय." सगळं थोरल्याचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अंधार पडता पडता आली. आली तशी आडवी झाली. तोंडाचा रंग गेलेला. देवाला जाऊन आली, पर कपाळाला भंडाऱ्याचा ठिपका न्हाई. बिरोबाला गेलेलं माणूस पिवळं झाल्याशिवाय माघारी येतं व्हय? म्हंजे दादानं बाहेरनंच हात जोडाय लावून तिला गाडीत कोंबली असणार, वडापाची माणसं गाठायची घाई. म्हातारीला घेऊन दिवसभर धंदा करतोय. लाज वाटाय पायजे.

उठून भिंतीवरनं वरडून सांगणार हुतो, पर आईनं हात धरला. "अमृत, भांडू नगं. माझ्यासाठी भांडू नगं." हात लय गरम लागला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज दादा दारात आला. वाटणीपासनं पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला. टोपी काढून हातात धरली हुती.

"अमृत, उद्याचा दिवस गाडी दे. त्यांनी उद्याच बोलवलंय. पुढचा अख्खा आठवडा तू घे."

"कुणी बोलवलंय?"

त्यानं आईकडं बघितलं. आईनं मान हलवली, न्हाई म्हणून. मी म्हणलं, ह्यांचं आपसात काय तरी शिजलंय आणि मीच तेवढा परका.

"उद्या मला माण तालुक्यातनं शेरडं आणायची हायत, सौदा झालाय," मी म्हणलं. "विहिरीच्या पाण्याची पाळी कुणी कवा सोडलीया? आबांनी सख्ख्या चुलत्याला सोडली न्हाई. पाळी म्हंजे पाळी."

"अरं, हात जोडतो तुला."

"कशासाठी ते सांग, मग जोड."

आई म्हणाली, "दादासो, जा तू घरला." तो गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आईनं सोताच्या हातानं किल्ली काढून दिली. मला वाटलं हुतं देणार न्हाई, थोरल्याची बाजू घेईल. पर दिली. म्हणाली, "जा. सौदा हुकवू नगं. गाडी संभाळून चालीव." खरं सांगतो, बरं वाटलं. आईनं आज न्याव केला.

माणातनं नऊ शेरडं आणली. एकानं घोंगड्यावर घाण केली. धुवायचं ऱ्हायलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाजार करून गाडी अर्जुना मेस्त्रीकडं घातली. ब्रेक ऑइल निम्म्याला आलं हुतं. मला वाटत हुतं दादा भरंल, दादाला वाटत असंल मी भरीन. मेस्त्री शिव्या घालत हुता, "दोघं मिळून एक दिवस दरीत जावा."

मग म्हणाला, "परवा तुझी आई न् भाऊ यष्टी स्टँडावर हुते. म्हातारी बाकावर आडवी झालती. सांगलीची गाडी लागली तर तुझ्या भावानं तिला उचलून वर चढवली, लेकरागत. काय झालंय रं?"

म्हणलं, काय न्हाई, देवाला गेली आसतील. तर तो म्हणाला, "सांगलीच्या गाडीनं?"

परवा मी शेरडं उतरवून आलो तवा आई घरात झोपल्याली हुती. तोंडावरनं पदर घेऊन. मी हाक मारली न्हाई. मला वाटलं, रुसलीया.

घरी येऊन इचारलं, "परवा कुठं गेलतीस?" म्हणाली, "गेलते जरा." मग म्हणाली, "राणीचा फोन आलता का? पाय सुजल्यात का तिचं?" माझं इचारायचं तिथंच ऱ्हायलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू.

सकाळी मी शेरडांना पाला टाकत हुतो. न्हाणीतनं तांब्या पडल्याचा आवाज आला. पळत गेलो तर आई दगडावर पडलेली. पदर सुटलेला. डोक्यावर एक केस न्हाई. माझ्या आईचं डोकं, तान्ह्या पोराचं असतं तसं.

मी वरडलो, "दादा!" वाटणीपासनं मी त्याला दादा म्हणून हाक मारली नव्हती. तो भिंतीवरनं उडी टाकून आला. वहिनी मागनं आली. त्यांनी बघून "काय झालं" असं इचारलं न्हाई. दोघांनाबी म्हाईत हुतं.

दादा म्हणाला, "गाडी काढ. सांगली." मी पडवीकडं धावलो, सीट उचलली. दादा म्हणाला, "ठेव ती. येळ न्हाई. आमाला सवय हाय."

मग मी काय बघितलं ते लिहितो. वहिनीनं घोंगडं झटकलं, दुहेरी केलं, अंथरलं. स्टूल आडवं करून चाकाच्या उंचवट्याला टेकवलं आणि पाठ लावून बसली. पाय पसरलं. दादानं आईला उचलून आत दिली, तिनं डोकं मांडीवर घेतलं, एक हात दांडीच्या सुतळीत अडकवला. कुणी कुणाला काय सांगितलं न्हाई. कितीदा केलं असंल हे, की बोलायचीसुद्धा गरज उरली न्हाई. आणि त्या घोंगड्याला शेरडाचा वास येत हुता. मी धुतलंच नव्हतं.

दादा माझ्या बाजूला बसायच्या आधी मागं गेला, खाली बसला आणि दोन्ही टायरांतली हवा सोडाय लागला. म्हणलं, "हे काय करतुयास?" म्हणाला, "टणक हवेत तिला हादरं बसत्यात. पत्र्यावर झोपल्यावर हाडाला लागतं."

दर गुरुवारी मी हवा टणक भरत हुतो. आणि दर मंगळवारी दादा सोडत हुता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. विश्रामबाग, सांगली

दवाखान्याच्या जिन्यावर बसून लिहितोय. राणीनं डायरी पिशवीत टाका म्हणलं हुतं, मन हलकं हुईल म्हणून. तिला एवढंच सांगितलंय की आईला ताप हाय.

आतड्याचा कॅन्सर. गणपतीच्या आधीपासनं. दादा आणायचा ते वडाप न्हाई, बिरोबा न्हाई, हितं. सलाइनमधनं औषध सोडायचे, दिवसभर, आणि परत जाताना तिला उलट्या व्हायच्या. पुढच्या सीटवर खालनं इंजिन तापतं, ते तिला सोसायचं न्हाई, बसवायचं न्हाई. मागं आडवं व्हावं लागायचं. मागं मी सीट ठेवली नव्हती.

"मला का न्हाई सांगितलं?" मी दादाची कॉलर धरली. लोक बघाय लागले. त्यानं हात सोडवून घेतला न्हाई.

"तिनं शपथ घातली. म्हणाली, अमृतला कळलं तर राणीला कळंल. दोन लेकरं गेली त्या पोरीची. ह्या येळंला बाळ पदरात पडू दे, मग सांगा."

"पर गाडी मागाय आलास तवा तर... नुसतं म्हणायचंस, दवाखान्यात न्यायची हाय."

"म्हणणार हुतो. तुझ्या दारात उभा हुतो आणि ती मान हलवत हुती, रं. काय करणार हुतो मी?"

मग दादा रडाय लागला. आबा गेलं तवा रडला नव्हता. मी त्याच्या शेजारी बसलो. मला म्हणायचं हुतं की मला मार.

त्या यष्टीच्या प्रवासानंतर तिला ताप आला, तो उतरलाच न्हाई.

४ डिसेंबर, गुरुवार

डाक्टर म्हणाले, आता घरीच न्या.

मी म्हणलं, थांबा. एकटा गाडी घेऊन घरी आलो, सीट लावली. बोल्ट बसंना, पान्हा घसरून बोटं फुटली. कव्हर साबणानं धुतलं, वाळायला धीर नव्हता म्हणून वर राणीची गोधडी टाकली. सरकतं दार दोन-चारदा उघडून बघितलं. माघारी सांगलीला गेलो.

आईला सीटवर निजवली. तिनं हातानं चाचपून बघितलं.

"सीट लावलीस व्हय रं?"

"व्हय."

"बरं केलंस. राणीला आणताना लागंल."

मी पुढं जाऊन बसलो. किती येळ गाडी चालूच केली न्हाई. दादानं पाठीवर हात ठेवला. तासगावच्या पुढं ती झोपली. भिवघाटात जागी झाली आणि म्हणाली, "पांढरी आज कशी पाण्यावानी चाललीया." दादा माझ्याकडं बघून हसला. मला हसाय आलं न्हाई.

डिसेंबर दादाचा. गाडी त्याच्या दारात लावली. मी म्हणलं, "ह्या महिन्याला मला दे तिला." आई म्हणाली, "असं करू नगं. महिना थोरल्याचा हाय. एक तारखंला येते की तुझ्याकडं."

१० डिसेंबर, बुधवार

दिवसभर दादाच्याच घरात असतो. वहिनी ताट वाढती, जेवतो. आईला पाणी चमच्यानं पाजतो. आज तिनं इचारलं, "ब्रेकचं बघितलंस का?" म्हणलं, बघितलं. मग किल्ली कनवटीत हाय का बघ म्हणाली. मी बघितलं. हाय.

कुंचीचा एक बंद लावायचा ऱ्हायलाय. सुई हातात धरती आणि झोपती.

१७ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी आई गेली.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

काल दहिवडीवरनं सासऱ्यांचा फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. राणीला अजून आईचं सांगितलेलं न्हाई. आज दहिवडीला जाऊन सांगायचं हाय, मलाच सांगायचं हाय. तोंड कसं उघडायचं कळत न्हाई.

आई गेल्यापासनं पांढरीला कुणी हात लावला नव्हता. दिवस घालायलासुद्धा लोकांच्या गाडीनं गेलो. किल्ली दादाकडं हुती. तो मागाय यायचा न्हाई, मी मागाय जायचो न्हाई. भांडाण न्हाई. नुसतं, किल्ली द्यायला कोण न्हाई.

आज सकाळी उठलो, पडवीत उभा ऱ्हायलो. गुरुवार. गाडीची पाळी माझी. आणि एक तारीख, आईची पाळीबी माझी. भिंतीकडं बघत उभा हुतो. तिला यायला येळ लागतो, मी कटाळतो, तसाच उभा हुतो.

भिंतीपलीकडनं दादा आला. काखंत आईचं गठुडं. दोन लुगडी, चंची, डबा, कुंची. कुंचीचा दुसरा बंद वहिनीनं लावलाय, शेजारीशेजारी दोन तऱ्हेचे दोरे दिसत्यात.

"एक तारीख हाय," तो म्हणाला.

जोत्यावर बसलो आणि मोठ्यानं रडलो, लोक काय म्हणतील न्हाई, काय न्हाई. तो थांबला. मग त्यानं पांढरीचं सरकतं दार उघडलं. गठुडं मागच्या सीटवर ठेवलं, खिडकीच्या बाजूला, आणि पट्टा ओढून त्याला लावला. खटका बसला का ते हातानं ओढून बघितलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि सोता पुढं येऊन बसला. बुधवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, कुणी बोललं न्हाई.

मी जोत्यावरनं खाली उतरलो. मागची दोन्ही टायरं दाबून बघितली. टणक हुती, आईला घरी आणल्यावर मीच परत भरून ठेवलेली. वाकून थोडी थोडी हवा सोडली.

गावाबाहेर रस्ता उखडलाय. पहिला खड्डा लांबनं दिसला तसा दादा म्हणाला, "हळू घे, अमृत. तिला लागतं."

म्हसवडपर्यंत मी सगळं खड्डं चुकवलं.